पेटतं, पण टिकत नाही

पावसाळा सरत आला की कोकणातल्या काजू-आंब्याच्या बागांत बेणणी सुरू होते, आणि ग्रास कटरच्या आवाजाबरोबर एक तक्रारही ऐकू येऊ लागते. दोरी ओढली की मशीन पेटतं, थोडा वेळ चालतं आणि रेस दिली की बंद पडतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. अनुभवानं सांगतो, तो हात आवरा. मशीन पेटलं याचाच अर्थ प्लगला ठिणगी मिळते आहे, कॉम्प्रेशन बऱ्यापैकी शाबूत आहे आणि थोडं तरी पेट्रोल आत पोचतं आहे. शिवाय मागच्या हंगामात त्याच स्क्रूंवर मशीन दिवसभर चालत होतं. बंद ठेवलेल्या महिन्यांत स्क्रू आपोआप फिरत नाहीत. पेट्रोल मात्र शिळं होतं, फिल्टर चोंदतो, नळी कडक होऊन चिरते. म्हणून तपास टाकीपासून सुरू करावा आणि पेट्रोल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं पुढे सरकावं.

पहिला पुरावा चोक देतो. चोक लावलेला असेपर्यंत मशीन चालतं आणि काढला की मरतं, असं असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आहे किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. मग टाकीचं झाकण पाहा. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी तिथे बाहेरची हवा यावी लागते, आणि त्यासाठी ठेवलेलं बारीक छिद्र किंवा व्हॉल्व्ह धूळ-तेलानं बुजतो. मशीन बंद पडल्याबरोबर, ते जमिनीवर सरळ ठेवून झाकण किंचित सैल करा. ‘सुस्स’ आवाज आला आणि मशीन पुन्हा नीट चालू लागलं, तर दोष बहुधा तिथेच आहे. त्यानंतर टाकीतल्या नळीच्या टोकाचा छोटा फिल्टर. वाकवलेल्या तारेनं तो बाहेर ओढता येतो. काळा किंवा चिकट झाला असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवा घाला. प्रायमरचा फुगा दाबत राहूनही परतीच्या नळीतले बुडबुडे थांबत नसतील, तर नळीला चीर आहे किंवा टाकीत पेट्रोलच कमी आहे. याउलट मशीन धूर सोडत, घुसमटत बंद पडत असेल आणि प्लग काळा-ओला निघत असेल, तर एअर फिल्टर पाहा. काही मशीनच्या सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीनं भरली की धुराला वाटच राहत नाही. चोक आणि झाकणाची परीक्षा सोडली, तर बाकी सगळं मशीन थंड झाल्यावर आणि प्लगची टोपी काढूनच करायचं. पात्याशी खेळ नको.

‘पण स्क्रू थोडा फिरवला की मशीन चालतं,’ असं म्हणणारे भेटतात, आणि ते खोटं नसतं. फिल्टर अर्धा चोंदलेला असताना स्क्रू सैल केला तर तूट काही काळ भरून निघते, पण मूळ दोष तसाच वाढत राहतो. खरा धोका स्क्रू आवळण्यात आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलमधूनच येतं. ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. पेट्रोल कमी केलं की तेलही कमी होतं आणि उष्णता वाढते. इंजिन जास्त फिरतं, आवाज छान तिखट येतो, आणि त्याच आवाजात पिस्टनवर चरे पडत असतात. फिल्टरच्या किमतीतलं काम मग पिस्टन-सिलिंडरवर जातं.

दुसरा आक्षेप पेट्रोलचा. दुचाकीत चालतं ते यात का चालू नये? दुचाकीची टाकी थोड्या दिवसांत रिकामी होते. ग्रास कटर महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभा राहतो. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि त्यानंतर २० टक्के मिश्रण पंपांवर आलं. अनेक मशीनच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी छापलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, कोकणात तो मुबलक आहे, आणि पाणी जास्त झालं की त्यासह तळाशी बसतं. नळीचं तोंडही तळाशीच असतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवून मगच ठेवावं. फोर-स्ट्रोक मशीनलाही हे लागू आहे, फक्त त्याच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचं नाही.

इतकं करूनही दोष राहिला तरच कार्बोरेटर उघडावा. आतला पातळ पडदा कडक झाला की पेट्रोल ओढणं मंदावतं. पडदा आणि गॅस्केटचा किट बहुतेक मशीनसाठी मिळतो. नवा कार्बोरेटर स्वस्तात मिळतो म्हणून थेट बदलणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की टाकीतला गाळ तोच राहिला तर नवाही तसाच चोंदणार. मशीन थंड असताना ठीक चालत असेल, तापल्यावरच मरत असेल आणि झाकण सैल करूनही फरक पडत नसेल, तर शंका इग्निशन कॉइलवर जाते. ते काम मेकॅनिकचं. त्याच्याकडे नेताना काय काय तपासलं ते सांगा, आणि मशीन तापलेलं असतानाच ठिणगी पाहायला सांगा. थंड झाल्यावर ती पुन्हा नीट दिसते आणि दोष हाती लागत नाही.