निबंधाचा खुंटा



मी इयत्ता चौथीत शिकते. या वेळच्या भित्तिपत्रकात 'निबंध कसा लिहावा' यावर लिही, असे बाईंनी मला सांगितले. पण सगळा निबंध कसा लिहावा हे मला अजून येत नाही. त्यातली एकच गोष्ट मला नीट समजली आहे, म्हणून तेवढीच लिहिते. ती गोष्ट म्हणजे निबंधातले मुख्य वाक्य.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांत तो दिवस बालिका दिन म्हणून साजरा करतात. त्यासाठी बाईंनी आम्हाला सावित्रीबाईंवर निबंध लिहायला दिला. मी दोन पाने भरून लिहिला. माझी सुरुवात अशी होती : 'सावित्रीबाई फुले या थोर समाजसेविका होत्या. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला.' पुढे लग्न, शाळा, कविता, प्लेग असे सगळे ओळीने लिहिले होते. अक्षरही चांगले काढले होते. मला वाटले, आता शाबासकी मिळणार.

बाईंनी वाचला आणि विचारले, "यातून तुला काय सांगायचंय?"

मी म्हटले, "सावित्रीबाई थोर होत्या."

"बरं. मग वर्गाला विचार, हे कुणाला पटत नाही का?"

मी विचारले. कुणाचाच हात वर झाला नाही. उलट वर्गात आम्ही ११ जण आहोत, आणि ११ वह्यांत पहिले वाक्य तेच निघाले! सगळे हसायला लागले.

बाई म्हणाल्या, "जे सगळ्यांना आधीच पटलंय, ते दोन पानं लिहून कशाला पटवायचं? असं वाक्य शोध, की ऐकणारा म्हणेल, 'हे कसं काय? सांग बघू.' मग पुढचा सगळा निबंध म्हणजे त्या 'कसं काय'चं उत्तर."

मला ते तेव्हा काही नीट कळले नाही. संध्याकाळी घरी गेले तर आमची कपिला गाय खुंटा उपटून शेजारच्या हरभऱ्यात शिरलेली. तो खुंटा सकाळी मीच ठोकला होता. आजी म्हणाली, "भुसभुशीत मातीत ठोकलास, मग काय होणार? जागा घट्ट बघावी, आणि ठोकल्यावर एकदा स्वतःच ओढून बघावं." गाईला आणताना माझ्या मनात आले, माझा निबंधही असाच भटकला आहे. जन्म, लग्न, कविता, प्लेग, जिकडे हिरवे दिसेल तिकडे तोंड घालतो आहे. त्याला खुंटाच नाही.

रात्री मी विचार केला, की सावित्रीबाईंची कोणती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते? त्या शिकवायला निघाल्या की वाटेत लोक अंगावर शेण आणि चिखल फेकत. म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात आणि शाळेत पोचल्यावर बदलत. शाळा एके दिवशी काढता येते, पण तसे चालत रोज जावे लागते. मग मी वहीत लिहिले :

'सावित्रीबाईंचे सर्वांत मोठे काम म्हणजे शाळा काढणे नव्हे, तर रोज शाळेपर्यंत चालत जाणे.'

दुसऱ्या दिवशी हे वाक्य वर्गात वाचले, तर लगेच एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "नाही बाई! शाळाच नसती तर चालत कुठं गेल्या असत्या?" मला रडूच आले. पण बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता ओढ बसली. उत्तर दे त्याला."

मी उत्तर लिहिले. जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पण शिकवणाऱ्या बाई शेणाला भिऊन घरी बसल्या असत्या, तर मुलीही घरी बसल्या असत्या आणि शाळेला कुलूप लागले असते. १८४९ साली त्या दोघांना जोतिरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. घर सुटले, पण शाळा सोडली नाही. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. तेव्हाही भिऊन घरात बसल्या नाहीत. आजारी माणसांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

त्यांचे 'काव्यफुले' हे पुस्तक १८५४ साली निघाले, हेही मी आधी लिहिले होते. ते मी खोडले. खोडताना वाईट वाटले, कारण माहिती खरी होती. पण माझ्या खुंट्याचे दावे तिथपर्यंत पोचत नव्हते. कवितेवर निबंध लिहीन तेव्हा ते घेईन.

आता खरे सांगते, मी हेच वाक्य का निवडले. माझी ताई सातवीत आहे. आपली शाळा सातवीपर्यंतच आहे. हायस्कूल ४ किलोमीटर लांब, आणि वाटेत ओढा. आमचे अण्णा म्हणतात, सातवी पुष्कळ झाली. ३ जानेवारीला मी निबंध वाचला, तेव्हा अण्णा मागच्या सतरंजीवर बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "वाक्य झ्याक हाय तुझं. पर सावित्रीबाईंच्या वाटंत वढा नव्हता."

मी गप्प बसले. सोमवारी बाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "हे तर चांगलं झालं. अण्णांनी नुसतं नाही म्हटलं नाही, कारणही सांगितलं. आता त्या कारणाचं उत्तर शोध आणि दुसरा निबंध लिही."

मी आधी असे वाक्य लिहिले : 'शिक्षण फार महत्त्वाचे आहे, म्हणून ताईने शिकावे.' ते वाचून ताईच हसली. म्हणाली, "अगं, अण्णा शिक्षणाला कुठं नाही म्हणतात? ते ओढ्याला नाही म्हणतात." म्हणजे माझा खुंटा पुन्हा भुसभुशीत मातीत!

मग रविवारी आजोबा, ताई आणि मी हायस्कूलपर्यंत चालत गेलो. आजोबांच्या घड्याळात ५५ मिनिटे लागली. रोज त्या वाटेने दूध घेऊन जाणारे एक काका आहेत. त्यांना विचारले, की गेल्या पावसाळ्यात ओढ्याने तुम्हाला किती दिवस अडवले? त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, ६ दिवस. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या दोन मुली रोज हायस्कूलला जातात, हेही कळले. म्हणजे ओढ्यापुढच्या वाटेला ताईला सोबतही आहे. घरी येऊन वाक्य लिहिले :

'ताईने आठवीला हायस्कूलात जावे, कारण ओढा वर्षातले ६ दिवस अडवतो आणि शाळा त्याहून पुष्कळ जास्त दिवस भरते.'

यात काय करावे ते आहे आणि का करावे तेही आहे. अण्णांना 'नाही' म्हणायचे असेल, तर आता त्यांना दिवस मोजून म्हणावे लागेल.

मित्रांनो, मी शिकले ते थोडक्यात असे :

१. लिहायच्या आधी स्वतःला विचारा, 'मला काय सांगायचे आहे?' उत्तर एका वाक्यात आले पाहिजे.

२. त्या वाक्याला कुणी 'नाही' म्हणू शकतो का ते बघा. कुणीच म्हणणार नसेल, तर दुसरे शोधा.

३. जमेल तिथे वाक्यात 'कारण' घाला. 'कारण'च्या पुढे काय लिहावे ते सुचत नसेल, तर वाट चालून या, माणसांना विचारा.

४. वाक्य आधी दुसऱ्याला वाचून दाखवा. तो जे विचारील, त्याचे उत्तर निबंधात द्या.

५. वाक्याला धरून नसेल ती माहिती खरी असली तरी सोडून द्या.

६. वाक्य सुरुवातीलाच लिहा. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत शोधायला लावू नका.

दुसरा निबंध मी अण्णांना जेवताना वाचून दाखवला. ते सगळा ऐकत होते, मध्ये काहीच बोलले नाहीत. हात धुताना म्हणाले, "बघू." आई म्हणते, आधी 'नाही' होते, आता 'बघू' झाले आहे.

अण्णा, तुम्ही आज भित्तिपत्रक बघायला आला असाल, तर हे वाचा. ओढ्याचे उत्तर मी दिले आहे. आणखी काही कारण असेल तर सांगा, मी त्याचेही उत्तर शोधते. जूनला थोडेच महिने राहिले आहेत.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी