सर, टेस्ट इथर मिळेल का?

पुण्यात इथेरियम या ब्लॉकचेनवर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना हात द्यायचा उद्योग मी काही वर्षं करतोय. ‘म्हणजे नक्की काय करतोस?’ या घरच्यांच्या प्रश्नाला अजून धड उत्तर देता येत नाही. उमगलं ते एवढंच.

१. नवशिक्याला तत्त्वज्ञानाआधी इथर लागतं. माझं विकेंद्रीकरणावरचं भाषण तयार असतं. समोरचा लॅपटॉप वळवून दाखवतो, तर पडद्यावर ‘इनसफिशियंट फंड्स फॉर गॅस’, म्हणजे व्यवहाराचं शुल्क भरायला इथर नाही. टेस्टनेटच्या, म्हणजे सरावाच्या चेनच्या, इथरला बाजारात कवडीची किंमत नाही, पण त्याच्याशिवाय कॉन्ट्रॅक्ट चेनवर चढत नाही. ते फुकट वाटणारे काही फॉसेट बॉट्सच्या धास्तीने आधी खऱ्या इथरची शिल्लक मागतात. ती असती तर हा माझ्याकडे कशाला आला असता? माझ्या वॉलेटमधून थोडं पाठवलं की बारा-चोवीस सेकंदांत पोचतं आणि पोराचा चेहरा खुलतो. भाषणाने तो कधी खुलल्याचं आठवत नाही.

२. गर्दी म्हणजे कम्युनिटी नव्हे. हॅकेथॉनला हॉल भरतो, स्टिकर संपतात, टी-शर्टांवरून रुसवेफुगवे होतात. बक्षिसं वाटून झाली की बहुतेक रिपॉझिटरी तिथेच थांबतात. शेवटचा कमिट रविवारी पहाटेचा. पूर्वी याचं वाईट वाटायचं. महिन्याभराने एखादा ‘ही टेस्ट फेल का होतेय?’ विचारत येतो, तेव्हा सगळा खटाटोप वसूल झाल्यासारखा वाटतो.

३. पैशांपेक्षा माणसांना वजन देता येतं, हे मला गणिताने पटवलं. गिटकॉइनने २०१९ पासून मुक्त सॉफ्टवेअरसाठी वापरलेली क्वाड्रॅटिक फंडिंगची पद्धत अशी: प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढायचं, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा वर्ग करायचा आणि त्या प्रमाणात जोडनिधी वाटायचा. शंभर जणांनी एकेक रुपया दिला तर आकडा येतो १०,०००. एकट्याने शंभर दिले तर फक्त १००. मी हरखलोच. मग कळलं, एकाच पठ्ठ्याने शंभर वॉलेट उघडली तरी सूत्राला ती शंभर माणसंच वाटतात. खरं माणूस ओळखायचं किचकट काम उरतंच.

४. सगळ्यात मोलाचं काम मंचावर येत नाही. पॉलिगॉनच्या टेस्टनेटचं नाव ‘मुंबई’ होतं. ती इथेरियमच्या गोर्ली टेस्टनेटला बांधलेली. गोर्ली निवृत्तीला निघाली आणि एप्रिल २०२४मध्ये मुंबईही बंद झाली. जागी आली ‘अमॉय’. आमचे सगळे धडे एका झटक्यात शिळे. एका अबोल मुलाने न सांगता पानोपानी चेन आयडी ८०००१चा ८०००२ केला, मेलेल्या लिंका काढल्या. याला कुठल्या गटात बक्षीस द्यायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

५. इकोसिस्टममध्ये आईवडीलही येतात. क्रिप्टोचा भाव चढला की मला विचारतात, ‘कुठलं कॉइन घेऊ?’ पडला की विचारतात, ‘मुलगा कशात अडकलाय?’ त्यांचंही चुकत नाही. २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब ठेवलं, मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, २०२२मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि वर १ टक्का टीडीएस आला. ‘काका, तो सट्टा नाही, प्रोग्रॅमिंग करतो,’ असं मी फोनवर सांगतो. पलीकडून येतं, ‘मग नोकरीचं काय?’ इथे माझी रेंज जाते.

६. शिकवलेलं परत येतं, तेव्हा आपण मागे पडलेले असतो. २०१६मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर निघून गेलं. कॉन्ट्रॅक्ट आधी इथर पाठवायचं आणि नंतर शिलकीतून वजा करायचं. त्या फटीत हल्लेखोराने पुन्हा पुन्हा मागणी केली. कॅशियरने पासबुकात नोंद करण्याआधीच नोटा द्याव्यात, तसं. हे सांगत असताना सोलापूरकडची एक मुलगी म्हणाली, ‘मग आधी वजा करायचं, नंतर द्यायचं. एवढंच ना?’ एवढंच. मी त्यासाठी बऱ्याच स्लाइड्स केल्या होत्या. आता ग्रुपवर प्रश्न पडला की मी टाइप करेपर्यंत तिचं उत्तर गेलेलं असतं, तेही माझ्यापेक्षा सोपं. जरा लागतं मनाला. पण बसलो होतो ते याचसाठी.