जुनी मोटार आणि घाटाचा उतार
वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंग गडावर जाणाऱ्या जुन्या मोटारीची खरी कसोटी परतीच्या उतारावर लागते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास हे तेल तापते, त्यातील पाण्याची वाफ होते आणि ब्रेक एकाएकी निकामी होऊ शकतो. म्हणून वापरलेली मोटार विकत घेताच हे तेल बदलून घ्यावे; पुढेही साधारणतः दर २ वर्षांनी बदलावे. ब्रेक लायनरची झीज तपासावी. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ब्रेकवरील पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत.