समुद्राच्या पोटात उतरण्यापूर्वी

मंडळी, जव्हार-मोखाड्याच्या माणसाला पाण्याचे भय नाही. वैतरणेच्या नाहीतर पिंजाळच्या डोहात आपली पोरे लहानपणीच पोहायला शिकतात. पण समुद्र निराळा. त्यातही समुद्रावर पोहणे निराळे, आणि समुद्राच्या पोटात उतरून, श्वास घेत मासे पाहणे आणखी निराळे.

यालाच स्कूबा म्हणतात. पाठीवर हवा दाबून भरलेली टाकी असते. टाकीची नळी तोंडात धरायची. डोळे आणि नाक काचेच्या मास्कखाली झाकलेले असतात. म्हणजे नाक बंद, श्वास तोंडाने. टाकीत आपली साधीच हवा असते, दवाखान्यातला ऑक्सिजन नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण आणि तारकर्ली येथे हे चालते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे.

आमच्या वर्गातली काही तरुण मंडळी आणि बचतगटातल्या दोघी-तिघी आमच्या मागे लागल्या. “गुरुजी, आम्हांला तिथे न्या.” आम्ही आधी नाही म्हणालो. मग म्हटले, जायचे तर नीट ठरवून जाऊ.

पहिला प्रश्न, केव्हा जायचे? पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत हे खेळ बंद असतात. ऑक्टोबरपासून पुढे पाणी निवळू लागते. थंडीत ते सर्वांत चांगले. पण दिवाळी झाली की आपली निम्मी माणसे वीटभट्टीवर जातात, तेव्हा थंडी आपल्या कामाची नाही. नाताळात आणि मेच्या सुटीत तिथे गर्दी उसळते, बोटीवर माणसे दाटीने बसवतात. म्हणून आम्ही होळीनंतरचे दिवस धरले. होळीला सगळे घरी येतातच. मात्र कोकणातला शिमगाही पुष्कळ दिवस चालतो. तो आटपू द्यावा, नाहीतर बोटवालाच पालखीबरोबर नाचत असायचा!

वाट सोपी आहे. मोखाड्याहून खोडाळ्यावरून कसारा. तिथून लोकलने ठाणे. ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळ. कुडाळहून एसटीने मालवण, आणि मालवणहून तारकर्ली अगदी जवळ. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. होळीच्या सुमारास ते लवकर भरते, तेव्हा तिकिटाची तजवीज आधी करावी.

आता खरी शिकण्याची गोष्ट. एक पेला घ्या. तो पालथा करून बादलीतल्या पाण्यात दाबा. आतली हवा आतच राहते, हे तुम्ही पाहिलेच असेल. हाच पेला खोल विहिरीत नेत गेलो तर? वरच्या पाण्याचा भार वाढतो आणि हवा दबत जाते. दहा मीटर, म्हणजे सुमारे साडेपाच पुरुष खोल गेलो, की पेल्यातली हवा निम्मी होते.

पेल्याचे जे होते तेच आपल्या कानातल्या हवेचे होते. म्हणून खाली जाताना कान दडपतात, दुखतात. उपाय साधा आहे. मास्कवरूनच नाक चिमटीत धरावे आणि नाकातून हळूच हवा ढकलावी. कान मोकळा होतो. हे दुखण्याआधी करावे, आणि खाली जाताना पुन्हा पुन्हा करावे. मोकळा झाला नाही तर थोडे वर यावे. जोर करू नये, पडदा फाटतो. सर्दी-पडसे असले तर त्या दिवशी उतरूच नये. आमच्यातल्या एका पोराने सर्दी लपवली. खाली जाताच कान धरून वर आला आणि दोन दिवस कुरकुरत बसला. नशीब, पडदा शाबूत राहिला.

आता तोच हिशेब उलटा करा. साडेपाच पुरुष खोल तुम्ही टाकीतून छातीभर श्वास घेतला. तो कोंडून तसेच वर आलात, तर वरचा भार कमी होतो आणि ती हवा फुगून दुप्पट होते. छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटते. माणूस जातो. डोहात बुडी मारताना आपण श्वास कोंडतो, ती सवय इथे घातक आहे. डोहात श्वास वरून घेतलेला असतो, तो वर आल्यावर तेवढाच होतो. टाकीचा श्वास खालचा असतो. म्हणून चांगल्या पोहणाऱ्यालाच हे जास्त बजावून सांगावे लागते. काहीही झाले तरी श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचे.

पाण्याखाली बोलता येत नाही, सारे हातांनी. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट जुळवून गोल केला, की ‘ठीक आहे’. पंजा आडवा धरून हलवला, की ‘काहीतरी बिघडले’. मग कानाकडे बोट दाखवले, की ‘कान दुखतो’. आणि अंगठा वर केला म्हणजे? छान चालले आहे, असे नव्हे. त्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’. वर्गात आम्ही एवढ्या कष्टाने अंगठा सोडवला, आणि इथे तो पुन्हा पुढे आला! आमच्या एका गड्याने मासे पाहून खुशीत अंगठा दाखवला. बरोबरच्या डायव्हरने त्याला धरून थेट वर आणले. पुढे बोटभर तो बिचारा सर्वांच्या थट्टेचा विषय.

पैसे ठरवताना किती मिनिटे पाण्याखाली नेणार, हे विचारावे. किती खोल? नवख्याला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि त्याहून कमीच बरे. एका डायव्हरकडे किती माणसे? पहिल्या वेळी एकाला एक असावा. त्याच्याकडे शिकल्याचा दाखला आहे का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, तेही विचारावे. फोटोचे पैसे त्यातच का वेगळे, हे मागाहून भांडण्यापेक्षा आधी विचारलेले चांगले. आदल्या रात्री ताडी-दारू वर्ज्य. सकाळी हलके खावे, बोट हलते तेव्हा भरले पोट उलटते.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच बांधावे. २०२२ सालच्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन माणसे मेली. समुद्राच्या तळाशी नव्हे, परतीच्या वाटेवर. तेव्हापासून बोटीत किती माणसे चढतात, हे आम्ही स्वतः मोजतो. जास्त वाटली तर खाली उतरतो. गेलेल्या पैशांची हळहळ करत बसत नाही.

आता कागदाची गोष्ट. आमच्या सकाळी एकाने पुढे कागदांचा गठ्ठा टाकला. “सह्या करा गुरुजी, वाचण्यासारखे काही नाही त्यात.” कागद इंग्रजी. मराठी प्रत मागितली, ती नव्हती. माणसे बोटीकडे चालू लागली होती. आम्ही म्हणालो, “थांबा. वाचल्याशिवाय कोणी सही करायची नाही.” तो चिडला, भरतीची वेळ सांगू लागला. आम्ही वाळूवर बसून एकेक ओळ मराठीत सांगितली. दमा आहे का? फिट येते का? हृदयाचे दुखणे? कानाचे ऑपरेशन? दिवस गेले आहेत का? पंचेचाळीसच्या पुढचे वय? यातले काही असेल तर आधी डॉक्टरचे मत घ्यावे लागते. आमचे वय साठीच्या पुढे. आमचे नाव तिथेच कटले.

पुढची ओळ होती, ‘रक्ताचा काही विकार आहे का?’ मोखाड्याकडची एक बाई हळूच म्हणाली, “गुरुजी, माझ्या बहिणीच्या पोराला सिकलसेल आहे. माझे रक्त कधी तपासले नाही.”

सिकलसेल आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो, त्याला बहुधा काही कळतही नाही. दोघांकडून आला तर आजार होतो. अशा माणसाने तपासणीवाचून पाण्याखाली जाणे धोक्याचे. सरकारी दवाखान्यात या तपासणीला पैसे पडत नाहीत. सिकलसेल हटवण्याची देशव्यापी मोहीमच २०२३ च्या जुलैत सुरू झाली आहे.

बाई उतरल्या नाहीत. बोटीवर आमच्याजवळ बसल्या. बाकीचे एकेक करून खाली गेले. वर आले ते सगळे एकदम बोलू लागले, पोवळ्याचे खडक काय, पिवळे-निळे मासे काय! पोवळे हा दगड नव्हे, ती बारीक जिवांची वस्ती असते. हात लावला, पाय ठेवला, की मोडते. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. माशांना पाव टाकून फोटो काढू देतात, तेही आमच्या मंडळींनी केले नाही.

गावी परतल्यावर बाईंनी जव्हारला रक्त दिले. त्या वाहक निघाल्या. डॉक्टरांनी सांगितले, रोजच्या कामाला हरकत नाही, पण असले काही करण्याआधी विचारायला या. मग त्यांनी दोन्ही मुलांनाही नेऊन तपासून घेतले. थोरल्याचे लग्न ठरत होते. मुलीकडच्यांशीही त्या स्वतः बोलल्या.

स्कूबाच्या दिवशी रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करावा. लगेच उंच घाट चढू नये. विमानाने जाणाऱ्याने निदान बारा तास थांबावे. दाबाखाली अंगात मुरलेली हवा सावकाश निघू द्यावी लागते.

दुपार मोकळी होती, म्हणून होडीने सिंधुदुर्ग पाहायला गेलो. जव्हारात सांगतात, की सुरतेच्या स्वारीवर जाताना महाराज आपल्या शिरपामाळावर थांबले होते. ती स्वारी १६६४ च्या जानेवारीत झाली, आणि त्याच वर्षी या किल्ल्याचे काम सुरू झाले. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि मधे गोडे पाणी. आमच्या बाई दूधबावेच्या काठावर बराच वेळ वाकून पाहत होत्या. त्यांच्या पाड्यावर एप्रिल लागला की टँकर येतो.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही का हो ही?”