पडद्यावरील चित्रलेखन : माउस हाताळण्याचा पूर्वाभ्यास

(इयत्ता ३ री व ४ थीच्या शिक्षकांसाठी)

एका शाळेच्या भेटीत चौथीतील एक मुलगी संगणकावर घर काढीत होती. भिंतीची रेघ दर वेळी वाकडी होई. “हिला चित्र येत नाही,” असे म्हणून गुरुजींनी माउस आपल्या हाती घेतला. तिच्या वहीतील घर मात्र सुबक होते. उणीव चित्रकलेची नसून पूर्वाभ्यासाची होती.

वहीवर पेन्सिलीचे टोक जेथे, तेथेच रेघ उमटते. हात व दृष्टी एकत्र असतात. माउस धरला की हात मेजावर व दृष्टी पडद्यावर, अशी फारकत होते. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली अमेरिकेत तयार झालेला पहिला माउस लाकडी होता. त्याच्या तळाशी परस्परांशी काटकोनात दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. आजच्या माउसला चाकांऐवजी प्रकाश असतो, पण तत्त्व तेच. तो हालचाल मोजतो, जागा नव्हे. म्हणून माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागचा ढळत नाही. मेजाची कड आली की मूल अडते, ते हे ठाऊक नसल्यामुळे.

पाठापूर्वी सेटिंग्जमध्ये बाणाचा वेग कमी करावा. डावखुऱ्या मुलासाठी माउस डावीकडे ठेवून त्याच्या कळांची अदलाबदल करावी.

पाठाचा क्रम असा ठेवावा :

१. कळ न दाबता पडद्याच्या चारही कोपऱ्यांत बाण न्यावा. बाणाचे टोक हेच खरे, हे दाखवावे. कड आल्यास माउस उचलून मध्ये ठेवण्यास शिकवावे.

२. ‘दाबा, ओढा, सोडा’ हे तीन शब्द वर्गाकडून म्हणवून घ्यावेत. पडद्यावर रांगोळीसारखे ठिपके देऊन ‘लाइन’ या साधनाने ते जोडवावेत. पेंटमध्ये शिफ्ट कळ धरून ठेवल्यास रेघ सरळ येते. लंबगोलाचे वर्तुळ व आयताचा चौरसही होतो. आधी माउसची कळ सोडावी, मग शिफ्ट.

३. आकृत्यांतून घर, सूर्य, झाड रचून रंग भरावा. रेघेत फट राहिल्यास रंग बाहेर पसरतो. अशा वेळी कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून मागे यावे व फट मुलानेच शोधावी.

४. मुक्तहस्त रेखाटन सर्वांत शेवटी घ्यावे.

संगणक एक व मुले तीस असतील, तर धीट मुलेच माउस धरतात. सबब पाळी हजेरीपटाच्या क्रमाने द्यावी. थांबलेल्या मुलांनी तेच चित्र पाटीवर काढावे.

शिक्षकाने तोंडी सांगावे, बोटाने दाखवावे. पण मुलाच्या हातातील माउस काढून घेऊ नये. त्या दिवशी मुलीला माउस परत देऊन दोन ठिपके दिले. तिसऱ्या प्रयत्नात भिंत सरळ उभी राहिली. चित्र साधेच होते, परंतु ते तिने स्वतः काढले होते.