उन्हाळ्यातील मिश्र फळपेय

एप्रिल ते जून या महिन्यांत उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात पश्चिमेकडून कोरडे व तप्त वारे वाहू लागतात. या वाऱ्यांस तेथील लोक ‘लू’ म्हणतात. दुपारी सावलीतील तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, रस्ते ओस पडतात आणि शेतातील कामे पहाटे व सायंकाळीच करावी लागतात. नेमक्या याच दिवसांत बाजारात कच्चे आंबे, कलिंगडे, बेलफळे व फालसे यांची रेलचेल असते.

या फळांपासून पेय करण्याची रीत देशाच्या निरनिराळ्या भागांत फार जुनी आहे. उत्तर प्रदेश व बिहार या भागांत कैरी विस्तवात भाजून, तिचा गर पाण्यात कालवून ‘पन्ना’ करतात. बंगालमध्येही भाजलेल्या कैरीचे सरबत करतात. महाराष्ट्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याच्या डाळीबरोबर पन्हे दिले जाते. त्यासाठी कैरी बहुधा उकडून घेतात. कृती वेगवेगळी असली तरी पाणी, आंबट फळ, गोड पदार्थ आणि मीठ हे चार घटक बहुतेक ठिकाणी समान आहेत. हे घटक एकत्र का यावेत आणि त्यांचे प्रमाण किती असावे, याचा विचार येथे केला आहे.

शरीराचे तापमान व घाम

मनुष्याच्या शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. अन्नाच्या ज्वलनातून व स्नायूंच्या हालचालीतून शरीरात सतत उष्णता निर्माण होत असते. भोवतालची हवा थंड असेल तर ही उष्णता त्वचेतून बाहेर जाते. परंतु हवाच शरीराहून अधिक तापलेली असेल, तर उष्णतेचा ओघ उलट दिशेने, म्हणजे हवेकडून शरीराकडे, वाहू लागतो. अशा वेळी शरीरापाशी घाम हा एकच प्रभावी उपाय उरतो.

घामाचे बाष्पीभवन होताना त्यासाठी लागणारी उष्णता त्वचेतून घेतली जाते. एक ग्रॅम घामाची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. मात्र घामाचे थेंब नुसते ओघळून खाली पडले, तर हा लाभ होत नाही; त्यांची वाफ व्हावी लागते. म्हणूनच समुद्रकिनाऱ्यावरील दमट हवेत तापमान कमी असूनही जीव अधिक कासावीस होतो.

पेयाचा थंडावा किती?

थंड पेय घेतल्याने शरीर थंड होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे एका सोप्या गणिताने तपासता येते.

समजा, एका माणसाने ५ अंश तापमानाचे २५० ग्रॅम पाणी प्याले. हे पाणी ३७ अंशांपर्यंत तापण्यासाठी शरीरातून २५० × ३२, म्हणजे ८,००० कॅलरी उष्णता घेईल. आता हेच २५० ग्रॅम पाणी पुढे घामाच्या रूपाने त्वचेवर आले व त्याची पूर्ण वाफ झाली, तर २५० × ५८०, म्हणजे १,४५,००० कॅलरी उष्णता शरीराबाहेर जाईल. दुसरी संख्या पहिलीच्या अठरा पटींहून अधिक आहे.

यावरून स्पष्ट होते की पेयाचा खरा थंडावा त्याच्या शीतलतेत नसून त्यातील पाण्यात आहे. बर्फाने घशाला क्षणभर सुख वाटते. शरीराचे तापमान आटोक्यात राहते ते घामामुळे, आणि घाम येत राहण्यासाठी पाण्याचा पुरवठा अखंड असावा लागतो. कडक उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून ताशी एक लिटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. तहान बरीच उशिरा लागते. म्हणून तिची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहणे हितावह असते.

मीठ व साखर यांचे कार्य

घाम खारट लागतो, कारण त्यात मीठ असते. घामाबरोबर पाणी व मीठ दोन्ही जातात. फार घाम आल्यानंतर केवळ पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते आणि थकवा, डोकेदुखी, मळमळ अशी लक्षणे दिसू लागतात. पन्ह्यातील चिमूटभर मीठ म्हणूनच केवळ रुचीसाठी नसते.

साखरेचे कार्य याहूनही कुतूहलजनक आहे. लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी ग्लुकोज व सोडियम यांना जोडीने आत घेतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही शोषले जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत या जोडवाहतुकीची कल्पना मांडली. तिचे व्यावहारिक महत्त्व पुढे भारताच्या भूमीवर दिसून आले. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाणी, ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण रोग्यांस तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली आणि असंख्य प्राण वाचवले. आजची जलसंजीवनी ती हीच.

परंतु साखर जितकी अधिक तितके पेय चांगले, असा याचा अर्थ मुळीच नाही. फार गोड पेय जठरात अधिक वेळ रेंगाळते, आणि आतड्यात उतरल्यावर शरीरातीलच पाणी आपल्याकडे ओढून घेते. बाजारातील अनेक बाटलीबंद पेयांत दर १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅम किंवा अधिक साखर असते. अशा पेयाने जीभ तृप्त होते, पण शरीरास पाणी सावकाश मिळते. घरगुती पेयात हे प्रमाण ५ ते ६ ग्रॅमच्या आसपास राखणे सोयीचे ठरते.

फळांची निवड

एकाच फळात सर्व गुण क्वचितच आढळतात. दोन फळांचा मेळ घातल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. येथे कलिंगड व कैरी यांची निवड केली आहे.

कलिंगडाच्या गरात वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी व सुमारे ६ टक्के साखर असते. त्यात पोटॅशियमही असते. त्याचा लाल रंग लायकोपिन या रंगद्रव्यामुळे येतो. टोमॅटोस लाली देणारे द्रव्यही हेच. कलिंगडात उणीव आहे ती आम्लाची. त्यामुळे त्याचा रस काहीसा मिळमिळीत लागतो आणि उघडा राहिल्यास लवकर बिघडतो.

कैरीत साखर अल्प, पण आम्ल विपुल असते. त्यात सायट्रिक आम्ल प्रमुख होय. कैरीतील पिष्टाचे फळ पिकताना साखरेत रूपांतर होते. कैरी शिजविली असता गरातील पेक्टिन मऊ पडते, गर सहज सुटतो आणि तो काळा पाडणारी विकरे निष्क्रिय होतात. शिजविल्याने क जीवनसत्त्वाचा काही अंश मात्र नष्ट होतो.

या दोहोंच्या मिश्रणात कलिंगडाची साखर कैरीचा आंबटपणा सौम्य करते. कैरीचे आम्ल कलिंगडाच्या रसास चव आणते, शिवाय त्यात अनेक जंतूंची होणारी वाढही मंदावते.

साहित्य

चार पेल्यांसाठी, म्हणजे एक लिटर पेयासाठी, पुढील साहित्य घ्यावे.

साल व बिया काढलेला कलिंगडाचा गर : सुमारे ६५० ग्रॅम (रस ५०० मिलिलिटर)
शिजविलेल्या कैरीचा गर : ७५ ग्रॅम (एक मध्यम कैरी)
साखर किंवा चिरलेला गूळ : २५ ग्रॅम
मीठ : २ ग्रॅम (चहाच्या सपाट चमच्याचा तिसरा हिस्सा)
भाजलेल्या जिऱ्याची पूड : अर्धा चमचा
पुदिन्याची पाने : आठ-दहा
उकळून निवविलेले पाणी : एकूण एक लिटर होईल इतके

कृती

कैरीचा देठ कापून चीक निथळू द्यावा व कैरी स्वच्छ धुवावी. या चिकाने काहींच्या त्वचेस व ओठांस दाह होतो. कैरी सालीसकट कुकरमध्ये किंवा झाकणाच्या भांड्यात मऊ होईपर्यंत उकडावी. निवल्यावर साल काढून, कोय पिळून गर वेगळा करावा. गर कोमट असतानाच त्यात साखर व मीठ घालून ती विरघळेपर्यंत घोटावे.

कलिंगड कापण्यापूर्वी त्याची साल वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. सालीवरील माती सुरीबरोबर गरात जाते. गर कुस्करून गाळून घ्यावा. रस कैरीच्या गरात मिसळावा, पाणी घालून मिश्रण एक लिटर करावे व शेवटी जिरेपूड आणि चुरडलेला पुदिना घालावा.

अशा प्रत्येक पेल्यातून सुमारे १४ ग्रॅम साखर व अर्धा ग्रॅम मीठ मिळते. यांतील निम्म्याहून अधिक साखर फळाचीच असल्याने वरून घालावयाची साखर थोडी पुरते. मिठाचा काही भाग पादेलोणाच्या रूपाने घेतल्यास पेयास निराळा स्वाद येतो. तो त्यातील गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. जूनच्या सुमारास कैऱ्या संपल्या तर त्यांच्याऐवजी लिंबाचा किंवा फालशाचा रस चालतो.

पाणी, बर्फ व भांडी

प्रमाण अचूक असूनही पाणी दूषित असेल, तर पेय अपायकारक ठरते. कावीळ, विषमज्वर व अतिसार यांचे जंतू व विषाणू अशा पाण्यातून पसरतात. पेयातील आंबटपणा त्यांचा निश्चित नाश करील, असे समजू नये. पाणी खळखळून उकळावे व झाकून निववावे.

गोठल्याने जंतू मरतातच असे नाही. पुष्कळसे बर्फात जिवंत राहतात. मासे व अन्य माल टिकविण्यासाठी तयार होणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच, याची शाश्वती नसते. अशा अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्र राज्यात २०१८ मध्ये करण्यात आला, तो याच कारणाने. घरचा बर्फ उकळलेल्या पाण्याचा करावा, अथवा मातीच्या माठातील पाणी वापरावे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि आतील पाणी थंड होते. त्वचेवरील घाम जे कार्य करतो तेच माठ करतो.

आंबट पेय कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण आम्लात तांबे विरघळते. काच, चिनी माती किंवा पोलाद ही भांडी योग्य होत. तयार पेय दोन तासांच्या आत संपवावे. शीतकपाटात ठेवल्यास त्याच दिवशी प्यावे.

पेयाची मर्यादा

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी साखर व मीठ यांबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. हगवणीच्या रोग्यास हे पेय जलसंजीवनीऐवजी देऊ नये. तिच्यातील लवणांचे प्रमाण वेगळे व निश्चित असते.

उष्माघातावर हे पेय उपचार नव्हे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात उष्णतेची तीव्र लाट आली. त्या महिन्यात शहरातील मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक भरली. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णताविरोधी कृती-योजना लागू झाली व पुढे अन्य शहरांनी तिचे अनुकरण केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही उष्णतेच्या लाटेत लस्सी, ताक, लिंबूपाणी, तांदळाची पेज यांसारखी घरगुती पेये घेण्यास सांगते. म्हणून उन्हात राबून आलेल्या मजुरास, टपाल घेऊन आलेल्या शिपायास किंवा दारावरील भाजीवाल्यास पेलाभर पेय पुढे करणे हे आतिथ्य आहेच, पण त्याचबरोबर तो आरोग्यरक्षणाचा एक उपायही आहे.

स्वाध्याय

१. दोन सारख्या तापमापकांपैकी एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा. दोन्ही वाऱ्यात टांगून दहा मिनिटांनी तापमान नोंदवा. फरक का पडला? हाच प्रयोग पावसाळ्यात केल्यास फरक वाढेल की घटेल?

२. फालशाच्या रसाचे दोन भाग करा. एकात लिंबाचा रस व दुसऱ्यात खाण्याचा सोडा घाला. रंगांत होणारा बदल नोंदवा.

३. २५ अंश तापमानाचे माठातील २५० ग्रॅम पाणी प्याल्यास ते शरीरातून किती उष्णता घेईल? तेवढ्याच घामाच्या बाष्पीभवनाशी तिची तुलना करा.

४. एखाद्या बाटलीबंद पेयावरील साखरेचे प्रमाण वाचा व या पाठातील पेयाशी ताडून पाहा.