समोरच्या दुकानाचा अभ्यास: हेरगिरी नको, हिशोब हवा!



मागच्या व्हिडिओत आपण जागा कशी निवडायची ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "मॅडम, त्या गल्लीत आधीच एक दुकान आहे आणि ते तुफान चालतंय. मी टाकू का?"

माझा उलटा प्रश्न: तुफान चालतंय हे तुम्हाला कसं कळलं? "गर्दी दिसते ना!" दुरून डोंगर साजरे, तशी दुरून दुकानंही साजरीच दिसतात. घरची पुंजी आणि वरून कर्ज असे सात-आठ लाख रुपये तुम्ही "गर्दी दिसते" या दोन शब्दांवर लावणार असाल, तर आजचा धडा तुमच्यासाठीच आहे.

याला कॉर्पोरेट भाषेत कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्स म्हणतात. नाव मोठं, काम साधं: स्पर्धकाबद्दल उघडपणे मिळणारी माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि त्यावरून आपला निर्णय घ्यायचा. नुसती माहिती जमवली आणि निर्णय काहीच बदलला नाही, तर त्याला अभ्यास म्हणत नाहीत, चहाटळकी म्हणतात!

सूत्र १: चुका शोधू नका, बरोबर काय ते शोधा

वॉलमार्टवाले सॅम वॉल्टन यांनी १९४५ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, न्यूपोर्ट नावाच्या छोट्या गावात पहिलं दुकान घेतलं. समोरच दुसरं, चांगलं चालणारं दुकान होतं. वॉल्टन रोज तिथे जाऊन भाव आणि मांडणी बघायचे. पुढे अब्जाधीश झाले तरी सवय सुटली नाही. एकदा सॅन डिएगोच्या प्राइस क्लबमध्ये ते छोट्या टेपरेकॉर्डरवर भाव बोलून नोंदवत होते, तेवढ्यात रखवालदाराने टेप काढून घेतली. त्यांनी मालकाच्या मुलाच्या, रॉबर्ट प्राइसच्या नावे सरळ चिठ्ठी लिहून ठेवली. काही दिवसांत टेप परत आली, जशीच्या तशी!

यातून दोन गोष्टी घ्या. एक, ते स्वतः जायचे. दुसरी, पकडले गेल्यावर खोटं बोलायची वेळ आली नाही, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच.

आपण काय करतो? समोरच्याकडे जातो आणि घरी येऊन सांगतो, "काही विशेष नाही हो, धूळ होती." अहो, धूळ असूनही गिऱ्हाईक जातंय म्हणजे काहीतरी नक्कीच विशेष आहे. ते शोधा.

सूत्र २: बिलावर रक्कम असते, तसा नंबरही असतो

आता कामाची गोष्ट, वही काढा.

जीएसटीच्या नियमांनुसार नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलांना आर्थिक वर्षात ओळीने अनुक्रमांक द्यावा लागतो. म्हणजे समोरच्याकडून साबण घ्या, बिल मागा आणि जपून ठेवा. बरोबर सात दिवसांनी त्याच वेळी परत जा, काहीतरी घ्या, बिल घ्या.

उदाहरण म्हणून धरू:

- पहिल्या सोमवारी सकाळी १० वाजता बिल नंबर ४२१२
- पुढच्या सोमवारी सकाळी १० वाजता बिल नंबर ५०५२
- फरक ८४० बिलं, म्हणजे दिवसाला १२०
- अर्धा तास काउंटरजवळ रेंगाळून सरासरी बिलाचा अंदाज: १८० रुपये
- रोजची विक्री २१,६०० रुपये
- किराण्यात सरासरी मार्जिन १२ टक्के धरलं, तर रोज २,५९२ आणि महिन्याला ७७,७६० रुपये

आता खर्च. भाडं २५,०००, दोन पोरांचा पगार २४,०००, लाईट आणि किरकोळ ६,०००. एकूण ५५,०००. मालकाच्या हातात उरले २२,७६० रुपये. त्यातून कर्जाचा हप्ता असेल तर तोही जाणार, आणि मालकाची स्वतःची रोजची बारा तासांची हमाली अजून धरलेलीच नाही!

आता तुम्ही शेजारी तसंच दुकान टाकलंत. गिऱ्हाईक वाढलं नाही, फक्त निम्मं वाटलं गेलं असं धरा. प्रत्येकाला महिन्याला ३८,८८०, आणि खर्च तोच ५५,०००. म्हणजे तुम्ही त्याला हरवलं नाहीत, दोघं मिळून बुडालात. दोन साबणांच्या किमतीत हे कळलं, तर तो साबण जगातला सगळ्यात स्वस्त कन्सल्टंट आहे.

एक सावधगिरी. २०० रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्याने मागितलं नाही, तर प्रत्येकाला वेगळं बिल देणं सक्तीचं नाही. काउंटर दोन असतील तर नंबरांच्या मालिकाही दोन असू शकतात. म्हणून फक्त बिलावर विसंबू नका. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बाहेर पडणाऱ्या पिशव्या मोजा आणि दोन्ही आकडे ताडून बघा.

सूत्र ३: सरकार आणि पाकीट दोघंही बोलतात

पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा पॅकरचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि एमआरपी छापावीच लागते. समोरचा फरसाण कुठून आणतो हे त्याच्या नोकराला कशाला विचारायचं? पाकीट उलटं करा.

खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असतो. पहिला अंक १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या व्यवसायाचं रजिस्ट्रेशन. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कधीची आणि करदाता रेग्युलर की कंपोझिशन, ते दिसतं. ब्रँडचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध जरूर घ्या. पाट्या, पिशव्या छापून झाल्यावर नोटीस आली तर फार महागात पडतं.

सूत्र ४: भाव दिसतो, कारण दिसत नाही

समोरच्याने साखर दोन रुपयांनी उतरवली. तुम्ही अडीचने उतरवली. त्याने तीनने. थांबा! आधी विचारा, त्याने उतरवली का? साखरेवर गिऱ्हाईक ओढून मसाल्यावर कमवतोय? गोणी जास्त भरल्यात? की दुकान बंद करायचं म्हणून माल काढतोय?

बीबीएला आम्हाला मायकेल पोर्टर यांची चौकट होती. स्पर्धकाचे चार कोन बघायचे: त्याला काय हवंय, तो काय गृहीत धरतोय, आता काय करतोय आणि त्याला काय जमतं. आपण फक्त तिसरा कोन बघतो आणि लगेच भाव खोडून नवा लिहितो. खरं सोनं दुसऱ्या कोनात असतं. "नवीन सोसायटीतले लोक ऑनलाईनच मागवतात" असं त्याने गृहीत धरलं असेल आणि ते चुकीचं असेल, तर तुमचं दुकान तिथे आहे.

सूत्र ५: जो आणतो, तो नेतोही

डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन चहा पिता पिता सांगतो, "समोर या स्कीमचे वीस बॉक्स गेले." ऐका, पण लक्षात ठेवा: जो तुम्हाला समोरच्याचं सांगतो, तो समोरच्याला तुमचं सांगतोच. शिवाय त्याला तुम्हालाही वीस बॉक्स टिकवायचे असतात! एकाकडून आलेली बातमी म्हणजे अफवा. दोन वेगळ्या जागांहून तीच आली, तर ती नोंद. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, पण मधे वहीत लिहावे.

सूत्र ६: लक्ष्मणरेषा

२००१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने नेमलेल्या माणसांनी युनिलिव्हरच्या कचऱ्यातून कागद मिळवल्याचं प्रकरण गाजलं. वरच्या लोकांना कळल्यावर कंपनीने स्वतःच युनिलिव्हरला कळवलं आणि पुढे तडजोड करावी लागली. शाम्पू-कंडिशनरच्या माहितीसाठी केवढी नाचक्की!

आपल्यासाठी नियम सोपे आहेत:

- खोटी ओळख सांगायची नाही.
- समोरच्याच्या नोकराला पैसे देऊन माहिती काढायची नाही. आज त्याला विकणारा उद्या तुम्हालाही विकेल.
- गिऱ्हाईकांची यादी, उधारीची वही, असलं काही "मिळालं" तरी घ्यायचं नाही.
- समोरच्याशी बसून "दोघंही भाव वाढवू" असं ठरवायचं नाही. स्पर्धा कायदा, २००२ नुसार असं संगनमत बेकायदेशीर आहे.

कसोटी एकच. उद्या तो तुमच्या दुकानात येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्याबद्दल काय काय बघितलंत?" तर त्याच्या डोळ्यात बघून सांगता आलं पाहिजे.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्या भागातलं एकच दुकान निवडा. पाच नको.
2. सात दिवसांच्या अंतराने दोन बिलं घ्या आणि वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा.
3. तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडणारे दहा लोक बघा. जमलं तर विचारा, "काय मिळालं नाही हो?" त्या दहा उत्तरांत तुमच्या दुकानाचा पहिला माल लपलेला आहे.
4. शेवटी एक ओळ लिहा: "हे कळल्यामुळे मी अमुक करणार नाही." ही ओळ लिहिता आली नाही, तर अभ्यास अपुरा आहे.

कुणी म्हणेल, एवढं करून शेवटी दुकान टाकायचंच नाही असं निघालं तर? तर तुमचे आठ लाख खिशात राहिले, आणि योग्य जागा सापडेल तेव्हा कामाला येतील. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. फक्त पुढच्याचे पाय नीट बघत चला!

पुढच्या भागात बघू, समोरचाही तुमचा असाच अभ्यास करत असेल तर काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं. तोपर्यंत वही भरा. भेटूच!